निवडलेली, धुतलेली, बारीक चिरलेली

मागच्या हिवाळ्यातली गोष्ट. शनिवार होता. आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी सकाळी साडेआठला आल्या तेव्हा ओट्यावर हिरवा ढीग पडला होता. कोथिंबिरीच्या सहा गड्ड्या, कांद्याच्या पातीच्या तीन, पुदिन्याच्या दोन, मेथीची एक आणि मंडईत शोधून आणलेली पार्सलीची एक जुडी. रविवारी संध्याकाळी आठ माणसं जेवायला यायची होती. मी मावशींना म्हटलं, "एवढं जरा निवडून ठेवाल का? बाकीचं मी बघते." मावशींनी ढिगाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "ठेवते की, ताई." मी पर्स उचलली आणि वस्तीतल्या बैठकीला निघून गेले. त्या 'जरा'ची किंमत काय झाली ते पुढे सांगणारच आहे. आधी तो ढीग आमच्या ओट्यावर आला कुठून, ते सांगायला हवं.

एम.एस.डब्ल्यू. करत असताना मी एका इराणी मुलीबरोबर खोली वाटून राहत होते. त्या काळात पुण्यात इराणी विद्यार्थी बरेच असत. शिक्षण संपवून जाताना सामानाचं वजन कमी करायचं म्हणून ती एक जाडजूड पुस्तक माझ्याकडे ठेवून गेली. नजमिये बातमांगलीज यांचं 'फूड ऑफ लाइफ'. १९७९च्या क्रांतीच्या वेळी इराण सोडलेली ही लेखिका आधी फ्रान्समध्ये आणि मग अमेरिकेत राहिली. तिथे वाढणाऱ्या आपल्या मुलांपर्यंत घरचा स्वयंपाक पोचावा म्हणून तिनं लिहायला घेतलं, आणि हे इंग्रजी पुस्तक १९८६ साली निघालं. माझ्याकडे ते कित्येक वर्षं कपाटावर पडून होतं.

मग २०२२चा सप्टेंबर आला. जिना महसा अमिनी या २२ वर्षांच्या मुलीला डोक्यावरच्या रुमालावरून तेहरानमध्ये पोलिसांनी पकडलं, आणि १६ सप्टेंबरला ती रुग्णालयात मरण पावली. 'ज़न, ज़ेंदगी, आज़ादी' ही घोषणा आपणही आपल्या सभांमधून दिली आहे. माझ्या मैत्रिणीचा त्या दिवसांत काही पत्ता लागेना. मेसेज जात नव्हते, फोन लागत नव्हता. एका रात्री मी ते पुस्तक खाली काढलं. काही करता येत नसलं की माणूस हाताशी असेल ते काहीतरी करतो, तसलाच तो प्रकार. (तीन आठवड्यांनी तिचं उत्तर आलं. ती ठीक होती. अभ्यासाच्या काळात तिनं मला दिलेला शब्द मोडून ती पुन्हा सिगारेट ओढायला लागली होती, एवढीच काय ती तक्रार.)

हे पुस्तक पाल्याचं आहे. म्हणजे त्यात मांस आहे, भात आहे, गोड पदार्थ आहेत, पण पानोपानी हिरवा पाला आहे. आपण कोथिंबीर वरून भुरभुरवतो. इराणी बाई ती किलोच्या हिशेबात आणते. घोरमे सब्जी म्हणजे मटण, राजमा आणि वाळलेली लिंबं यांचं दाट कालवण. त्यात मटणापेक्षा पाला जास्त दिसतो. कूकू सब्जी म्हणजे पाला बांधण्यापुरती अंडी घालून केलेलं जाड थालीपीठासारखं काहीतरी. सब्जी पोलो हा पाल्याचा भात. मार्चमध्ये नवरोजला तो माशाबरोबर खातात. 'सब्ज' म्हणजे हिरवं. आपली सब्जी, फालुद्यातला सब्जा, पुलाव हे शब्द तिकडचेच, आणि कोरमा व घोरमे एकाच मुळाचे. मुंबईत बॅलार्ड इस्टेटच्या ब्रिटानियातला बेरी पुलाव ज्यांनी खाल्ला असेल त्यांनी त्यातली आंबट लाल फळंही चाखली आहेत. इराणी लोक त्यांना ज़ेरेश्क म्हणतात. तेव्हा हा स्वयंपाक मला फार परका वाटला नाही. कोथिंबीर वडी आणि शेपूची भाजी खाऊन वाढलेल्या बाईला पाल्याची भीती कशाला वाटेल?

पहिल्यांदा घोरमे सब्जी केली ती दिवाळीच्या सुट्टीत, एकटीनं, हौसेनं. आणि सवयीनं घड्याळ लावलं. वस्तीत पाण्याला किती वेळ लागतो, रेशनच्या रांगेत किती, हे मोजायचं काम मी अनेक वर्षं केलं आहे. स्वतःच्या स्वयंपाकघरात प्रथमच मोजलं. कोथिंबिरीची मुळं कापायची, पिवळी आणि सडलेली पानं काढायची, जाड देठ वेगळे करायचे. पुदिना तर पान पान खुडावा लागतो. पातीच्या बुडाशी माती घट्ट बसलेली असते. सगळं निवडायला एक तास पस्तीस मिनिटं लागली. मग मोठ्या परातीत तीन पाण्यांनी धुतलं. तिसऱ्या पाण्यातही तळाला रेती उतरतच होती. मग पंचावर पसरून वाळवलं, कारण पाला ओला राहिला तर चिरताना त्याचा लगदा होतो आणि परतताना तेल उडतं. मग विळीवर बारीक चिरलं. गॅस पेटवायच्या आधी माझे दोन तास पंचावन्न मिनिटं गेली होती.

त्यानंतर तो पाला तेलात मंद आचेवर परतत राहायचं. रंग गडद होत जवळजवळ काळपट होतो आणि कच्च्या हिरवटपणाचा वास जाऊन एक खमंग वास येतो, तोवर. मी घाई केली. शिवाय मेथी आपल्या भाजीच्या हिशेबानं घातली. इराणी स्वयंपाकात ती वासापुरती असते, हे पुस्तकात दिसत असूनही माझा हात मराठी राहिला. दुबईहून आलेल्या एका मैत्रिणीनं दिलेली काळी लिंबं मी फोडून टाकली. त्यांच्या बियांनी कडवटपणात आणखी भर घातली. तीन तास शिजून जे तयार झालं ते आमच्या घरात सगळ्यांनी तोंड वाकडं न करता खाल्लं, यापलीकडे त्याबद्दल बोलण्यासारखं नाही.

पण पुस्तक पुन्हा उघडलं तेव्हा एक गोष्ट डोळ्यांत भरली. पाककृतीत दोन भाग असतात, साहित्य आणि कृती. कृती म्हणजे काम. साहित्य म्हणजे वस्तू, ज्या तुमच्याकडे असायच्या. आणि साहित्याच्या यादीत पाल्याच्या पुढे एक विशेषण असतं: बारीक चिरलेली. एवढे कप, बारीक चिरलेली. माझे दोन तास पंचावन्न मिनिटं त्या विशेषणात होते. कृती सुरू होते तेव्हा ते काम होऊन गेलेलं असतं. कुणी केलं, हे वाक्याची रचनाच विचारू देत नाही. चिरली, असं म्हटलं की 'कुणी?' हा प्रश्न उभा राहतो. चिरलेली म्हटलं की ती जणू चिरलेलीच उगवली.

हा दोष काही एकट्या बातमांगलीजबाईंचा नाही. पाककृतीची ही रीत जगभरची आहे आणि आपलीही आहे. लक्ष्मीबाई धुरंधरांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० साली निघालं, कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली. 'रुचिरा'नं वाटी-चमच्याचं माप दिलं, आणि आई-सासू जवळ नसलेल्या हजारो मुलींना एकट्यानं स्वयंपाक करता आला. ते लहान काम नव्हतं. बाईच्या अंदाजाला तिनं मापात आणलं. मात्र माप आलं ते जिनसांना. हातांना लागणारा वेळ बिनमापाचाच राहिला.

आता मावशींकडे येते.

त्या रविवारचं जेवण उत्तम झालं. तोवर मी चार-पाच वेळा करून पाहिलं होतं, मेथीचा हात सुधारला होता, लिंबाला नुसती टोचणी द्यायची हे कळलं होतं. माझा नवरा कूकू करतो. त्यानं ॲप्रन बांधून ओट्याशी उभं राहून दोन मोठे कूकू उलटले, आणि आलेल्या पाहुण्यांपैकी तिघांनी मला एकटीला बाजूला घेऊन सांगितलं की मी किती नशीबवान आहे. पाला निवडायला तो नव्हता, हे मी कुणाला सांगितलं नाही. मीही नव्हतेच ना! माझी जी आठ माणसं जेवत होती त्यांतली सहा चळवळीतली. स्त्रियांच्या अदृश्य श्रमांबद्दल त्या रात्री आमची चर्चासुद्धा झाली, घोरमे सब्जी खाता खाता.

सोमवारी मावशींना मी डबा भरून दिला आणि निवडण्याबद्दल पुन्हा पुन्हा आभार मानले. त्यांनी डबा घेतला. गुरुवारी घरकामगार बायकांची बैठक होती. आमची संस्था चार वस्त्यांमध्ये अशा बैठका घेते. त्या दिवशी विषय होता दरपत्रक. इतक्या माणसांच्या पोळ्या, भाजी-आमटी, भांडी, केर-फरशी, धुणं, प्रत्येकाचा वेगळा दर फळ्यावर लिहीत होतो. मागे बसलेली एक बाई म्हणाली, "ताई, पोळ्यांचा दर हाय, भांड्यांचा हाय. निवडायचं कुठं लिवलंय? आमच्या बाई दोन जुड्या मेथी आणून टाकत्यात आणि म्हणत्यात, जरा निवडून ठेव." सगळ्या हसल्या. मी हातात खडू घेऊन उभी होते. 'जरा' हा शब्द तिनं अगदी माझ्याच स्वरात उच्चारला होता.

शुक्रवारी मी मावशींना विचारलं की शनिवारी किती वेळ लागला. त्या म्हणाल्या, "दीड तास थांबले असेन." मी पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले, मोजले, कनवटीला लावले आणि मग म्हणाल्या, "ताई, खोटं कशाला बोलू, पैशाचं राहू द्या. मला आदल्या दिवशी सांगायला पाहिजे होतं तुम्ही. तुमच्यानंतर माझी दोन घरं असतात. पहिल्या घरात मी उशिरा पोचले. त्या आधी मुलीच्या दवाखान्यापायी दोनदा उशीर झाला होता. त्यांनी सोमवारी सांगितलं, आता येऊ नका."

त्या घराचे महिन्याला अडीच हजार रुपये होते. पाच दिवस मावशींनी मला हे सांगितलं नव्हतं. माझा डबा घेऊन गेल्या होत्या. मी त्यांच्याबरोबर त्या घरी गेले, चूक माझी होती असं सांगितलं. त्या बाई सभ्यपणे बोलल्या, चहा विचारला. दुसरी बाई मंगळवारपासूनच लागली होती. तिला काढा असं मी कोणत्या तोंडानं म्हणणार? मावशींना नवं घर मिळायला सात आठवडे लागले. मधल्या काळातली तूट मी भरून दिली, पण ते नवं घर लांब आहे आणि तिथे पाचशे रुपये कमी मिळतात. ते कमीच आहेत.

यावर आमच्यात दोन तऱ्हेच्या प्रतिक्रिया आल्या. दोन्ही मला पटल्या नाहीत, म्हणूनच हे लिहिते आहे.

आमच्या एक ज्येष्ठ कार्यकर्त्या म्हणाल्या, "हे असले पदार्थ करायचेच कशाला? बाईला चुलीपासून सोडवायला आम्ही आयुष्य घालवलं आणि तुम्ही पोरी इराणची चूल घरात आणता." त्यांच्याबद्दल मला फार आदर आहे. त्यांनी खिचडी-पापडावर संसार करून संघटना उभी केली. पण सुटसुटीत स्वयंपाक हा उपाय असता तर प्रश्न कधीच सुटला असता. मेथीची साधी भाजीसुद्धा कुणीतरी निवडतंच. शिवाय चवीची हौस ही काय फक्त पुरुषांनी करायची चीज आहे? पुरुषानं रविवारी ओट्याशी उभं राहिलं की ती कला, आणि बाईनं तेच केलं की चुलीची गुलामी, हा हिशेब मला नको.

दुसरी प्रतिक्रिया एका समवयस्क मैत्रिणीची. ती म्हणाली, "तू फार मनाला लावून घेतेस. पैसे दिलेस ना? मग झालं." मला वाटतं, झालं नाही. मावशींनी पैशाच्या आधी मागितली ती वेळेची खबर. त्यांचा दिवस माझ्या घरापुरता नाही, तो पाच घरांमध्ये मिनिटामिनिटानं बांधलेला आहे. मी माझ्या हौसेचे दीड तास त्या बांधलेल्या दिवसात कोंबले आणि माझ्या शिक्षणाला, माझ्या कामाला ते दिसलं नाही. का दिसलं नाही? तर 'निवडणं' हे काम आहे अशी नोंद माझ्याच डोक्यात नव्हती. ते विशेषण होतं.

केंद्र सरकारनं २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी केली. घरच्यांसाठी बिनपगारी घरकाम करणाऱ्या स्त्रियांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते, पाच वर्षांनी २८९. पुरुषांपैकी जे हे काम करतात, फक्त त्यांचीच सरासरी काढली तर ती ९७ मिनिटांवरून ८८वर आली. बायकांची दहा मिनिटं वाचली आणि पुरुषांनी आपली नऊ मिनिटं लगेच वाचवून घेतली, असं आमच्या बैठकीत एकीनं म्हटलं आणि ते मला अगदी चपखल वाटलं. या पाहण्यांचं मोल मोठं आहे. पण अर्ध्या-अर्ध्या तासाचे खण पाडून दिवस विचारला जातो तेव्हा त्यात निवडणं कुठं बसतं, याचा विचार करून पाहा. निवडणं एकटं नसतंच. ते टीव्ही बघताना होतं, पोराचा अभ्यास घेताना होतं, सासऱ्यांशी बोलताना होतं. मुंबईच्या लोकलमध्ये संध्याकाळी बायकांच्या डब्यात मांडीवर पिशवी पसरून मेथी निवडणारी, मटार सोलणारी बाई सगळ्यांनी पाहिली आहे. तिचं त्या वेळचं काम काय लिहायचं? प्रवास की स्वयंपाक? दादरला स्टेशनाबाहेर निवडलेल्या, चिरलेल्या भाज्यांच्या पिशव्या मिळतात. त्या घेणारी बाई आपला तास विकत घेते. तो तास विकणारी दुसरी बाई पहाटे कुठंतरी बसून निवडत असते. इराणमध्येही हेच आहे. निवडून, धुऊन, चिरून दिलेली, अगदी परतून गोठवलेलीसुद्धा सब्जी तिथे विकत मिळते, आणि घरी बसून असा पाला तयार करून विकणाऱ्या बायका आहेत. विशेषण तिथे निदान भाव घेऊन येतं.

पण निवडण्याची दुसरीही बाजू आहे, आणि ती लपवली तर मी अर्धंच सांगितल्यासारखं होईल.

माझी इराणी मैत्रीण सांगायची, सब्जीचा दिवस म्हणजे जमिनीवर मोठी चादर अंथरायची, तिच्यावर पाल्याचा डोंगर, आणि भोवती आई, आजी, मावश्या, शेजारणी. या कामाला तिकडे 'सब्जी पाक कर्दन' म्हणतात. फारसीतलं 'पाक' म्हणजे स्वच्छ. आपल्या पाककृतीतल्या 'पाका'शी त्याचा संबंध नाही, पण कानाला गंमत वाटते. त्या चादरीभोवती काय बोललं जायचं? कुणाचा नवरा हात उगारतो, कुणाला पुन्हा मुलगी झाली, कोण घटस्फोट मागतेय, कुठली डॉक्टर बरी. पुरुष मंडळी त्या बोलण्याला बायकी चहाड्या म्हणायची आणि तिकडे फिरकायची नाहीत. माझी मैत्रीण म्हणे, तिला शरीराबद्दल, लग्नाबद्दल, कायद्याबद्दल जे कळलं ते चादरीवर कळलं, शाळेत नाही.

मला हे ऐकताना माझं पहिलं क्षेत्रकार्य आठवायचं. ज्या वस्तीत मला पाठवलं होतं तिथे महिला मंडळाच्या बैठकीला येऊ द्यायला घरचे तयार नसत. म्हणून बैठक दुपारी तीनला एका ओट्यावर, आणि प्रत्येकीच्या हातात सूप किंवा भाजीची पिशवी. सासूला सांगायचं, "भाजी निवडायला चालले." मेथीची पानं खुडता खुडता तिथे पहिल्यांदा एका मुलीनं सांगितलं की नवऱ्यानं तिला गरम उलथन्याचा चटका दिला आहे. मान वर करून ती हे बोलू शकली नसती. हातात मेथी होती म्हणून खाली बघून बोलता आलं. हाताला काम असलं की तोंडाचं कुलूप निघतं. हे मला एम.एस.डब्ल्यू.च्या कोणत्याही तासाला कुणी शिकवलं नाही.

म्हणून निवडणं हे नुसतं ओझं, ते यंत्रावर किंवा बाजारावर टाकून मोकळं व्हावं, असं मला म्हणवत नाही. आणि ते बायकांच्या एकोप्याचं किती गोड चित्र, असंही म्हणवत नाही. ओट्यावर बसलेल्या बायका एकमेकींच्या बरोबरीनं बसल्या होत्या, चादरीभोवतीही. मावशी आमच्या ओट्याशी एकट्या उभ्या होत्या आणि घड्याळाकडे बघत होत्या. मेथी तीच, हात तसेच. बरोबर कोण बसलंय, उठून जायची मोकळीक आहे की नाही आणि तो वेळ कुणाच्या नावावर लिहिला जातो, यावर सगळा फरक पडतो.

इथे थोडा मागचा इतिहास सांगते, कारण नव्या मैत्रिणींना तो माहीत नसतो. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. सुट्टी आणि पगार हे मुद्दे या बायकांनी स्वतः रस्त्यावर आणले. महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला तो २००८ साली, म्हणजे अठ्ठावीस वर्षांनी. त्यानं नोंदणी आणि कल्याणाच्या योजना आल्या. पण दोन जुड्या मेथीचा वेळ कुणाचा, हे कायदा सांगत नाही. ते प्रत्येक ओट्याशी, एका बाईनं दुसऱ्या बाईशी बोलून ठरवावं लागतं, आणि त्या दोघींत बरोबरी नसते. आपण चळवळीतल्या बायका या बोलण्यात बहुधा मालकिणीच्या बाजूला उभ्या असतो. हे आपल्या अंकांमधून फारसं लिहिलं जात नाही. आपल्यापैकी कितीजणी घरी कुणालातरी कामाला ठेवून, त्यामुळे मोकळ्या झालेल्या वेळात मोर्चाला येतो? मी येते.

आमच्या घरात आता असं ठरलं आहे. इराणी बेत महिन्यातून फार तर एकदा. पाला आदल्या रात्री, जेवणं झाल्यावर, सगळ्यांनी मिळून निवडायचा. मी, नवरा, सासूबाई आणि आमचा नऊ वर्षांचा मुलगा. पहिल्या रात्री नवरा वीस मिनिटांत उठला, "बाकीचं उद्या सकाळी करू." सासूबाई म्हणाल्या, "उद्या सकाळी म्हणजे मी करू, असंच ना रे?" तो परत बसला. त्यांनी इतकी वर्षं ते वाक्य गिळलेलं असणार. मुलगा पुदिना छान खुडतो, पण कोथिंबिरीच्या देठांबरोबर निम्मी पानं टाकतो. मावशींना वेगळं काही सांगायचं असेल तर दोन दिवस आधी विचारायचं, त्यांना वेळ आहे का. 'नाही' म्हणाल्या तर विषय संपला. आजवर दोनदा त्या नाही म्हणाल्या आहेत.

नवरोजच्या सुमाराला मी घोरमे सब्जी केली तेव्हा मावशींना ताटात वाढून दिली, डब्यात भरून नाही. त्या टेबलाशी बसून जेवल्या. आधी नुसतं कालवण चाखलं, मग भातावर घेतलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "एवढं सगळं निवडून हे असं काळं करायचं होय?" आणि थोड्या वेळानं, "आंबट चांगलं लागतंय. मेथी अजून जास्तच पडते तुमच्या हातनं."

दरपत्रकाचा नवा मसुदा आमच्या चारही वस्त्यांत फिरतो आहे. त्यात एक ओळ वाढवली आहे: 'पालेभाजी निवडणे, सोलणे, साफ करणे – वेळेप्रमाणे वेगळा दर, आदल्या दिवशी सांगून.' दर किती, यावर अजून एकमत नाही. काहीजणींना जुडीवर हवा आहे, काहींना तासावर. जुडीवर ठेवला तर मातीनं भरलेली पावसाळी पात आणि हिवाळ्यातली स्वच्छ मेथी सारखीच धरली जाते. तासावर ठेवला तर "हात चालव की जरा" असं ऐकावं लागतं. तुमच्या गावात, तुमच्या संघटनेत हा हिशेब कसा केला जातो? कुठं ठरवला असेल तर पुढच्या अंकाच्या आत दोन ओळी लिहून कळवा. ज्यांच्या घरी मावशी येतात त्यांनी आधी त्यांना विचारून लिहावं.